एक उत्तरपत्रिका जास्त

जरा जवळ सरकून बसा. आवाज फार निघत नाही आता माझा.

मी परीक्षा केंद्रावरचा शिपाई. शिकलो चौथीपर्यंत, पण आकडे ओळखतो. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेआधी बाकांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझंच. त्या वर्षी माझी नात परीक्षेला होती. घरी आम्ही दोघंच. तिची ही शेवटची संधी. ती माझी नात, हे केंद्रावर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या दिवशी मला आत येऊ दिलं नसतं.

गडबडीत आदल्या वर्षीची एक उरलेली चिठ्ठी मी तिच्या मागच्या बाकावर चिकटवली. लक्षात आलं ते पेपर सुरू झाल्यावर. तो नंबर ज्या मुलीचा होता, ती परीक्षेला येताना वाटेतच ओढ्यात बुडून मेली होती.

बाक रिकामा होता. तरी तिथून पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. ओल्या कपड्यांचा वास येत होता. नात दोनदा मागे वळली.

"पुढे बघा, बाईसाहेब. मागे उत्तरं लिहिलेली नाहीत," सर म्हणाले. पोरं हसली.

घंटा झाली. मुलं चोवीस, उत्तरपत्रिका पंचवीस. आकडा जुळेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, असा नियम. सरांनी तीनदा मोजल्या. पोरं चुळबुळ करू लागली.

"आजोबा... मला घरी जायचंय," नात ओठांतल्या ओठांत म्हणाली.

मी वाकून मागच्या बाकावरची ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मनात म्हटलं, एक कमी होऊ दे.

सरांनी पुन्हा मोजल्या. "चोवीस! सुटलो बुवा."

नातीचा हात धरून मीच तिला घरी आणलं.

निकाल लागला. तिच्या नंबरापुढे 'गैरहजर' लिहिलेलं. धापा टाकत सरांकडे गेलो, तिचा नंबर दाखवला.

"तो बाक? तो तर रिकामाच होता की," सर म्हणाले. "त्याच्या मागची मुलगी मात्र... केंद्रात पहिली आली."

मी तसाच घरी आलो.

परवा सकाळी दूधवाला दारात म्हणाला, "आजोबा, एकटा जीव तुमचा. लिटरभर दूध कशाला लागतं?"

आत ती मोठ्याने धडा वाचत होती.

"लागतं रे," म्हटलं, आणि भांडं पुढे केलं.