विसण

मखमलाबाद रोडवरच्या त्या नव्या इमारतीत दीपमाला पहिल्यांदा पाना घेऊन शिरली, तेव्हा साइट इंजिनीयर समर्थने तिच्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं होतं, "मॅडम, प्लंबर कुठाय?"

"समोर उभी आहे," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

बी.एस्सी. झालेली सून नवऱ्याच्या नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरवर बसते, इथपर्यंत नातेवाइकांना पचलं होतं. पण नवरा, भारत, काम करताना एका गच्चीवरून पडला, कंबर कामातून गेली, आणि बायकोने काउंटरमागून उठून त्याची हत्यारांची थैली उचलली, तेव्हा चुलतसासू लताबाई म्हणाल्या, "आता मिशा तेवढ्या यायच्या राहिल्या." दीपमालाने मिशांची वाट पाहिली नाही. लोखंडी पायपाला आटे पाडायला ती घरच्या अंगणातच शिकली. भारत खाटेवरून ओरडायचा, ही रेटायची. सिडकोतल्या घराघरांत गिझर बसवले. मग नाशकातल्या गच्च्यांवर सोलरच्या काचा चमकू लागल्या, तसं तिने ओळखलं, आपलं काम आता तिथे वर आहे. अख्खी इमारत मात्र ही पहिलीच.

"प्रत्येक नळाला चटका बसेल असं पाणी द्या," समर्थ म्हणाला होता. "पुढच्या दोन्ही बिल्डिंगा तुमच्या. नाहीतर पुण्याची पार्टी दारात उभीच आहे."

प्रत्येक नळाला चटका बसला. एक सोडून.

चौथ्या मजल्यावरचा, गच्चीवरच्या सोलरच्या टाकीच्या बरोबर खालचा फ्लॅट. पाइप सगळ्यांत आखूड, म्हणजे पाणी सगळ्यांत कडक यायला हवं. तळमजल्यावर हात पोळत होता, आणि इथे कोमट. दीपमालाने सवयीने धारेखाली कोपर धरलं, दीड वर्षाच्या ओवीला न्हाऊ घालताना धरते तसं, आणि ती चमकली. नुसतं कोमट नव्हतं ते. रोज सकाळी कढत पाण्यात विसण घालताना, तांब्या तांब्याने गार पाणी ओतून पुन्हा पुन्हा कोपर बुडवून पाहताना, तिला जे साधायला जीव मुठीत धरावा लागायचा, ते हे पाणी होतं. नेमकं तेच.

गार पाणी कुठूनतरी गरम लाइनमध्ये शिरतंय, हे उघड होतं. तिने गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. फरक नाही. गारची लाइनच कापून तोंडाला बूच मारलं. फरक नाही. टाइल फोडून गरम पाइप उघडा केला. बोट टेकवलं तर फोड यावा इतका तापलेला, थेट नळाच्या मानेपर्यंत. आणि त्या मानेतून बाहेर हे असं पाणी. नळ बदलला. नवा नळही जुन्यासारखाच वागला.

शिवाय धार सोडली की त्या कोऱ्या, सिमेंटच्या वासाच्या बाथरूममध्ये आणखी एक वास यायचा. भिजवलेल्या डाळीच्या पिठाचा. आणि मागोमाग, न्हाऊ घातल्यावर बाळाला देतात त्या वावडिंगाच्या धुरीचा.

"हवा अडकली असेल," भारत घरी म्हणाला.

"हवा अडकली तर धार तुटते, अहो. मायाळू होत नाही."

तो हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या मागच्या बाजूला वॉचमनची बायको अक्काबाई भांडी घासत होती. भांडी एका काळ्या दगडावर मांडलेली. दगड मधोमध झिजून खोलगट झालेला.

"पाया खणताना निघाला, ताई," अक्काबाई म्हणाली. "आमचा गुलाबाचा मळा व्हता हितं. साऱ्या मळ्याची पोरं या दगडावर न्हाली. मी बी."

"न्हाऊ कोण घालायचं?"

अक्काबाईचा हात थांबला. "व्हती एक, कोपर बुडवून पाणी बघणारी. गेली कवाच." मग तिने चिमूटभर राख घेऊन घासून झालेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. "तुमचं लेकरू केवढं हाय?"

"दीड वर्षाचं. का?"

"कुठं काय. इचारलं आपलं."

तपासणी भर दुपारी ठरली. ऊन रणरणत होतं, टाकीतलं पाणी उकळीला आलं होतं. समर्थ थर्मामीटर घेऊन तळमजल्यापासून वर येऊ लागला. दीपमाला चौथ्या मजल्यावर त्या नळापुढे उभी होती. खालून दारं उघडल्याचे, नळ सोडल्याचे आवाज चढत येत होते. तिने कोपर धरलं. तेच पाणी. तोच वास.

भारतचं औषध, दुकानाचं भाडं, लताबाईंच्या मिशा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. शिकलेलं सगळं वापरून झालं होतं. उरलं ते वापरायला ती लाजणार नव्हती.

"बाई," ती नळाला म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून कान तापले, तरी थांबली नाही. "इथे बाळ नाही. हे तपासणीचं पाणी आहे. यात विसण नका घालू. बाळ माझ्या घरी आहे."

धुरीचा वास गेला. हळूहळू नाही. दार उघडून कुणी बाहेर पडावं तसा.

कोपराला चटका बसला.

"आई गं!" मागाहून आलेला समर्थ थर्मामीटर झटकत म्हणाला. "मॅडम, यात चहा होईल. बिल्डिंगा तुमच्या!"

ती गच्चीवर धावली आणि घरी फोन लावला.

"शाबास, दीपे!" भारत ओरडला. "इथे मात्र आज सकाळपासून नळाला पाणीच नाही बघ, ओवीची आंघोळ राहिलीच. पिंपाच्या तळाचं होतं नव्हतं ते सगळं ओवीच्या आंघोळीला उकळलं. टबात ओतलं आणि तुझा फोन. म्हटलं, विसण घालायला थेंब नाही, तर निवू दे."

"ओवी कुठाय?"

"ही काय, इथेच होती, पायाशी..."

फोनमधून छपछप ऐकू आली. पाण्यावर तळवे आपटल्याची.

तिकडे फोन पडला. भारतची फरफटत धावणारी पावलं.

मग काहीच नाही.

मग ओवी हसली. खदखदून.

बऱ्याच वेळाने भारतचा श्वास जवळ आला. "टबात बसलीय. काही नाही झालं. दीपे, पाणी... पाणी अगदी विसणलेलं आहे. हिच्या डोक्याला डाळीचं पीठ कुणी लावलं?"

दीपमालाच्या पायाखालची गच्ची तापलेली होती. कोपरावरचा चट्टा हुळहुळत होता.

त्या दोन इमारती झाल्या. मग आणखी झाल्या. आता गंगापूर रोडला कुणाच्या गच्चीवर काच चमकली, तर लोक आधी तिचं नाव घेतात. लताबाई तर स्वतःहून घेतात. काम कितीही असो, ओवीची आंघोळ ती स्वतः घालते, भारतवर सोडत नाही. टबात कढत पाणी काढते. विसण घालत नाही. बाही वर सारून कोपर पाण्यावर आणते.

ते टेकायच्या आधीच पाण्याच्या मधोमध एक वलय उठतं.

दीपमाला थांबते. वलय काठाला लागून विरलं, की मग आपलं कोपर बुडवते.