नाव उपडी आहे तोवर

कुणीतरी आमची नाव वाजवत होतं.

मी शिलाई मशीनवरून उठून दारात आले. अंगणात लिंबाखाली आमची मासेमारीची नाव उपडी पडलेली असते. तिच्याशेजारी एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता. हातात नाणं, कान नावेला लावलेला, डोळे मिटलेले...

"ओ! आजारी हाय का ती?" मी विचारलं.

तो दचकून उठला. "माफ करा. रस्त्यावरून दिसली, राहवलं नाही. फायबरची आहे ना? वरून धडधाकट दिसते, पण आतले थर सुटलेत कुठं कुठं. नाणं वाजवलं की कळतं. धड असेल तर टणटण. सुटलेलं असेल तर बद्द."

"माणसांचंबी कळतं का असं?"

"वाजवून बघावं लागेल," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर स्वतःच लाजला.

सांगून टाकते, मला तो तिथंच आवडला. लाजणारा पुरुष आमच्या बाजूला औषधाला मिळत नाही.

त्याचं नाव अनिरुद्ध. तुळजापूरचा, मास्तरांचा मुलगा. आमच्या माळावरच्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायला आला होता. दोराला लटकून, वाऱ्यात. ती पातीही फायबरचीच असतात म्हणे. राहायला सास्तूरला खोली घेतली होती.

"मी नीट करून देऊ का?" त्यानं विचारलं. "संध्याकाळी काम सुटल्यावर. सामान उरतंच आमच्याकडं."

मी काही बोलायच्या आत आव्वा, माझी आई, आतून आली. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग नावेकडं.

"करा की," ती म्हणाली. "ह्ये आल्यावर त्यास्नी नाव धड पायजेच. पर भायेरनंच करायचं. सुलटी करायची न्हाय."

त्याला कळेना. मग मीच सांगितलं.

धरणात जाळं टाकणाऱ्या आमच्या घरांची एक रीत आहे. पाण्यावर गेलेला माणूस परतला नाही आणि सापडलाही नाही, तर त्याची नाव अंगणात उपडी ठेवायची. उपडी आहे तोवर माणूस वाटेत आहे. सुलटी केली, की तो गेला असं समजायचं. गेल्या थंडीत माझे आप्पा धुक्यात गेले. नाव एकटीच काठाला लागली. आत जाळं होतं, विडीची पुडी होती, ते तेवढे नव्हते. तेव्हापासून नाव उपडी आहे आणि आव्वाच्या कपाळावर कुंकू आहे. आणि मी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलंय, आप्पा आल्याशिवाय माझ्या लग्नाची गोष्ट काढायची नाही. चन्नम्माची जाई हट्टी आहे, असं गाव म्हणतं. गाव बरोबर म्हणतं.

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. मोटारसायकलचा आवाज आला की मी मशीनवरचं काम बाजूला ठेवायची आणि नव्हतं ठेवलं असं दाखवायची. तो नाव घासायचा. पांढरी भुकटी उडायची, अंगाला खाज सुटायची. आव्वा त्याला खोबरेल द्यायची. पॅचसाठी काचेच्या धाग्याची चटई कापायची असे, ते काम माझ्या कात्रीकडं आलं.

"शिवणारीचा हात आहे," तो म्हणायचा. "कड कशी सरळ येते!"

"आणि तुमचा?"

"माझा थरथरतो. उंचावर नाही, इथंच."

"खाजंनं थरथरत असंल."

हसण्यात चटई चिकटवायचं रेझिन भांड्यातच घट्ट व्हायचं. मग तो "गेलं वाया" म्हणायचा, पण वाईट वाटल्यासारखं नाही.

एके संध्याकाळी तो नावेच्या पलीकडं, मी अलीकडं. तो नाणं वाजवत, खडूनं खुणा करत पुढं सरकत होता. मधेच नाणं थांबलं. आणि मग माझ्या हाताखाली, फायबरमधून, हलकेच आलं—

टक टक... टक.

माझ्या अंगावर काटा आला. आप्पांचा इशारा होता तो. संध्याकाळी नाव काठाशी आली की ते वल्ह्यानं कडेवर वाजवायचे. दोन, थांबून एक. म्हणजे, आलो, चूल पेटव. घर काठालाच, आव्वाला ऐकू यायचं. ती तव्यावर उलथनं वाजवायची. एकदाच. म्हणजे, ऐकलं.

याला कसं ठाऊक? आव्वानं सांगितलं असणार, मला वाटलं. आणि हा गुलाम त्यातनं माझी मस्करी करतोय! राग आला... आणि रागाच्या खाली जरा गोडही वाटलं. घरच्या खुणेनं कुणी हाक मारावी, हे लहान नसतं. मी कात्रीच्या मुठीनं वाजवलं. एकदा.

मग रोजच सुरू झालं. कधी काम चालू असताना, कधी तो हात धुवायला उठायच्या आधी. टक टक... टक. मी उत्तर द्यायची. पलीकडून त्याचं हसणं ऐकू यायचं. तोंडानं कुणीच त्याबद्दल बोललं नाही. असल्या गोष्टी बोलल्या की विरतात, अशी माझी समजूत.

फक्त एक गोष्ट खटकायची. लिंबावर संध्याकाळी पाखरं बसायची, ती हल्ली बसत नव्हती. आमचं मांजर नावेपाशी आलं की लांबून वळसा घालून जायचं.

बाहेरचं काम संपत आलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बाजूला बसलो होतो. त्याच्या हातात रेझिनचा ब्रश, माझ्या दोन्ही हातांत ओली चटई.

"मला गदगला जायला सांगितलंय," तो एकदम म्हणाला. "तिकडं नव्या पवनचक्क्या लागल्यात. वर्षभर तरी."

मी चटईची कड उगाच सरळ करत राहिले.

"जायच्या आधी एक विचारायचं होतं... तुम्ही ते वाजवता ना. दोनदा, मग एकदा. त्याचा अर्थ काय?"

"म्या?" मी त्याच्याकडं बघतच राहिले. "तुमीच वाजवता की. म्या फकस्त एकदा उत्तर देते."

"मी नाणं वाजवतो. एकसारखं. मला वाटलं, तुम्ही..."

त्याचा ब्रश हवेतच राहिला. वारा पडला होता. आणि आमच्या दोघांच्या मधोमध, उपड्या नावेच्या आतून आलं—

टक टक... टक.

तो पळाला नाही, हे मी कधी विसरणार नाही. रेझिननं चिकटलेल्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं, इतकंच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तव्यावर उलथनं वाजलं. एकदा. पदराला हात पुसत आव्वा बाहेर आली.

"आव्वा, तू ऐकलंस?"

"रोजच ऐकते. ह्या पोरानं पयलं नाणं वाजवलं, तवापासनं." ती नावेजवळ बसली. "तुमी दोघं हसत हुता. म्हनून म्या गप ऱ्हायले."

"आप्पा हाय का गं?"

"त्येंचाच इशारा न्हवं का त्यो? आलो म्हनत्यात." तिनं नावेवरून हात फिरवला. "जाई, वाटंत असलेला मानूस आलो कशाला म्हनंल? ते कवाच आल्यात. आन् आपून त्यास्नी नावंखाली कोंडून ठिवलंय."

"न्हाय! सुलटी केली म्हंजी... न्हाय आव्वा, म्या न्हाय करू देणार!"

मी नावेवर आडवी पडले. होय, लहान मुलीसारखी. नवा पॅच अजून ओला होता, माझे केस त्याला चिकटले. कुणी मला ओढलं नाही. अनिरुद्ध शेजारी खाली बसला आणि एक एक करून केस सोडवत राहिला.

"नाव तशीच ठेवा हवी तर," तो हळूच म्हणाला. "मी परत येऊन पुन्हा दुरुस्त करीन. दरवर्षी करीन. पण तुम्ही अशा रडू नका."

माझ्या कानाखाली पुन्हा वाजलं. या वेळी फार हळू. दमलेला माणूस दार वाजवतो तसं.

किती दिवस वाजवत होते आप्पा! आणि मी लाडात येऊन कात्री वाजवत बसले होते, पण दार काही उघडलं नव्हतं. मी उठले. डोळे पुसले.

"धरा तिकडनं," मी म्हणाले.

तिघांनी नाव उचलून सुलटी केली. खाली पांढरं पडलेलं गवत होतं. आणि मधोमध, माणूस कुशीवर निजावा एवढी जागा ओलीचिंब. कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. धरणाच्या पाण्याचा वास आला, त्यात विडीचा. आमच्या पायांशी गार वारा आला आणि काठाच्या दिशेनं गेला. आम्ही बघत होतो तेवढ्यात ती जागा वाळली.

आव्वानं हात जोडले. कुंकू मात्र पुसलं नाही. "ते माजं हाय," म्हणाली. लिंबावर एक पाखरू येऊन बसलं.

अनिरुद्धनं जायच्या आधी नाव आतूनही पुरी केली. पाण्यात घातली त्या सकाळी आप्पा गेले तेव्हासारखंच दाट धुकं होतं. मी वल्हं मारत होते आणि पवनचक्कीवर लटकणारा हा शूर गडी दोन्ही कडा घट्ट धरून बसला होता. त्याला पोहता येत नव्हतं.

"बुडालो तर?"

"तुमीच केलीय दुरुस्त. भरोसा न्हाय व्हय?"

काठ दिसेनासा झाला. मी वल्हं थांबवलं. तो खिशात काहीतरी शोधत होता.

"जाई, मी गदगहून परत येईन. तुमच्यासाठीच येईन. मला तुम्ही फार... म्हणजे, मला तुमच्याशीच लग्न करायचंय." त्यानं नाणं बाहेर काढलं. "आलो की असं वाजवीन. उत्तर द्याल?"

नाण्यानं त्यानं कडेवर वाजवलं. दोनदा. थांबून एकदा.

मी त्याच्याकडं बघत होते. हातातलं वल्हं मांडीवर आडवं होतं, मी ते उचललंही नव्हतं.

नावेच्या तळाला, पाण्याच्या बाजूनं, टक वाजलं. एकदाच.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र रडू आणि हसू एकदमच आलं.

"ऐकलं आप्पांनी," मी म्हणाले. "आता माझं कोण विचारतंय? लवकर ये तू."

आणि मग मीही वल्ह्यानं वाजवलं. एकदा.