सोंडेवर अडलेलं पाणी

निकासियो आत आला तेव्हा त्याची टोपी हातात होती आणि धूळ भुवयांपर्यंत चढलेली. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

"मी पाणी चोरलेलं नाही," तो म्हणाला. "एवढं सिद्ध करून द्या. उद्या दुपारी चारच्या आत."

एव्हेलियाबाईंनी चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या गावांसाठी नळयोजना बांधल्या होत्या. आता निवृत्तीनंतर ओआहाका शहरातल्या दोन खोल्यांत बसून त्या लोकांची अडलेली कोडी सोडवत. सोबतीला क्रिसोफोरो मास्तर. शाळा सुटली, बायको गेली, मागे एक जुना ट्रक राहिला. तो ट्रक ते बाईंच्या कामाला चालवत.

निकासियो ला लोमा गावाचा पाणीवाला होता. गावानं सोपवलेलं, बिनपगारी, मानाचं काम. गेल्या तीन महिन्यांत गावाची टाकी तीनदा आटली. तिन्ही वेळा गुरुवारी धार बारीक झाली आणि रविवारी पहाटे घंटा वाजली. मग सारं गाव श्रमदानाला म्हणून झऱ्यापर्यंत नळाच्या कडेनं गळती शोधत चाललं. गळती सापडली नाही, पण संध्याकाळी पाणी आपोआप आलं. आता चौथी वेळ होती. या खेपेला घंटा वाजणार नव्हती, गावसभा भरणार होती. पाणी कुणाला तरी परस्पर देतो असा निकासियोवर आळ होता. सभेनं तो मान्य केला तर घरचा नळ बंद, जमिनीवरचा हक्क गेला आणि बायकामुलांसह गाव सोडायचं.

"चोर कोण असेल असं वाटतं तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा मास्तर," बाई म्हणाल्या. "चोर कोण हे शेवटी. आधी पाणी कुठपर्यंत पोचतं ते बघू."

रविवारी सकाळी ट्रक झऱ्यापाशी पोचला. गावचे प्रमुख अबुंदियो आधीच येऊन बसले होते. निकासियो नव्या रस्त्यानं मोटारसायकलवर आला. हा खालचा रस्ता दोन वर्षांपूर्वी झाला होता. तेव्हापासून नळाच्या कडेची जुनी पायवाट कुणी फारशी तुडवत नसे.

झऱ्याचं पाणी सिमेंटच्या हौदात पडत होतं, हौदातून नळात जात होतं. ऐन उन्हाळा होता, तरी हौदाच्या काठावरून पाणी सांडत होतं. खाली ओलं शेवाळ पसरलं होतं आणि एक गाढव निवांत पाणी पीत होतं.

"भरपूर आहे की पाणी," मास्तर कौतुकानं म्हणाले.

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

अबुंदियोंचा संशय इलारियोवर होता. त्याची मेझ्काल दारू गाळायची भट्टी वाटेतल्या दरीत, नळाला अगदी खेटून होती. भट्टीभोवतीची जमीन ओलीचिंब. इलारियो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"या, या. हुंगा. माझ्या विहिरीचं पाणी आहे, चोथा धुतो मी त्यानं. निकासियोकडून पाणी घ्यायला त्याच्याकडे असायला तर हवं."

बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. नळ दरीत सगळ्यात खाली उतरतो तिथं गाळ काढायची तोटी असते. ती त्यांनी उघडायला लावली. पाणी असं उसळलं की मास्तरांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. इलारियो पहिल्यांदाच हसला.

"इथपर्यंत नळ गच्च भरलेला आहे," बाई म्हणाल्या. "गावच्या टोकाला करंगळीएवढी धार. म्हणजे अर्धा नळ निर्दोष सुटला. आता उरलेला अर्धा."

दरीतून नळ डोंगराच्या सोंडेवर चढतो, तिथून उतरतो आणि पुन्हा थोडा चढून गावच्या टाकीत पडतो. सोंडेवर एकच घर आहे, तिमोतेआकाकीचं. तिचा नवरा पंचवीस वर्षं पाणीवाला होता. हा नळ त्यानंच टाकला. तो गेला, दोन मुलं सीमेपार उत्तरेला कामाला गेली ती तिकडचीच झाली. पायवाट चढताना मास्तरांना धाप लागली. वर एक कोंबडा, एक पिठाचं जातं आणि चुलीवर एक भलंमोठं पातेलं होतं. बाकी वारा.

"बसा, बसा," काकी म्हणाली. "एवढेच? बाकीचे मागून येतायत?"

कुणी येणार नव्हतं. हे ऐकून तिनं हातातल्या ताटल्या पुन्हा फडताळात ठेवल्या. पातेल्यात मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले तमाल होते, चाळीस माणसांना पुरतील एवढे. मास्तरांनी चार खाल्ले. त्यांच्या घरी रविवारी आदल्या दिवशीचा घेवडा असे.

बाई सहज गप्पा मारत होत्या. इथं कोण येतं जातं? कुणीच नाही, काकी म्हणाली. तीन आठवड्यांपूर्वी सगळे आले होते, त्यानंतर माणूस दिसला नाही. फोन? नाही. गावचा नळ तिच्या घराला नव्हता. ती पावसाचं साठवलेलं पाणी वापरी. मग बाईंनी निकासियोला विचारलं, की अंगणाच्या कडेची, नळावरची सिमेंटची पेटी त्यानं शेवटची कधी उघडली.

निकासियोनं मान खाली घातली. "मी खालच्या रस्त्यानं थेट झऱ्यावर जातो, बाई. गुडघे दुखतात."

बाईंनी ट्रकमधून आणलेली पारदर्शक नळी काढली आणि तिच्या एका टोकाला नरसाळं लावलं. काकीनं सगळ्यांना अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत दिलं होतं. एक पेला त्यांनी बाजूला ठेवला.

"बघा हं," त्या म्हणाल्या, वर्गात सांगावं तशा. "मास्तर, नळी आधी खाली सोडा. मग उंचवटा करा. पुन्हा खाली. शेवटचं टोक थोडं वर धरा. हा आपला नळ. हा उंचवटा म्हणजे ही सोंड."

त्यांनी नरसाळ्यात सरबत ओतलं. लाल पाणी उतरलं, चढलं आणि अडलं. उंचवट्यात हवेचा एक लांबट बुडबुडा बसला होता. नरसाळं काठोकाठ भरून सांडू लागलं, पण दुसऱ्या टोकातून थेंब पडेना.

"गळती नाही, चोरी नाही, तरी पाणी येत नाही," अबुंदियो पुटपुटले.

"चोरी असती तर नळानं नेहमीइतकंच पाणी ओढलं असतं, कदाचित जास्तच. पण झऱ्यावर हौद सांडतोय. नळ पाणी नाकारतोय. झऱ्याच्या पाण्याबरोबर बारीक हवा येते, ती नळाच्या सगळ्यात उंच जागी साठते. ती बाहेर पडावी म्हणून तिथं झडप बसवतात." त्यांनी सुईनं नळीच्या उंचवट्याला भोक पाडलं. हवा सुस्कारली आणि सरबत मास्तरांच्या बुटांवर आलं.

मग त्या उठल्या आणि पेटीचं झाकण उचललं. झडपेच्या तोंडात मक्याच्या सोललेल्या कणसाचं बुरकुंड घट्ट ठोकलेलं होतं. निकासियोनं ते ओढलं. आतून असा लांब फूत्कार निघाला की कोंबडा पळाला. मिनिटभर सगळे नुसते ऐकत राहिले. मग नळातून घरघर करत पाणी खाली निघालं.

"बुरकुंड कुणीही ठोकेल," निकासियो म्हणाला. काकीकडे त्याला बघवत नव्हतं.

"कुणीही नाही. झडप काय करते हे ठाऊक असणारा माणूस हवा. आणि आज मला एक गोष्ट कळेना. तीन आठवडे इथं कुणी आलं नाही, फोन नाही, नळ नाही. मग गावात पाणी आटलंय आणि लोक चढून येणार हे काल कुणाला कळलं? तमाल काही तासाभरात होत नाहीत. मका आदल्या दिवशी भिजवावा लागतो." त्या थांबल्या. "दर खेपेला लोक जेवायला बसले की बुरकुंड निघत होतं, म्हणून संध्याकाळी पाणी येत होतं. कसं झालं ते एवढंच. कशासाठी ते मला सांगता येत नाही. काकींचा यात काही फायदा दिसत नाही."

काकी एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला सांगता येईल," मास्तर हळूच म्हणाले. सगळे वळून बघू लागले, कारण मास्तरांना एरवी गोष्ट कळायला वेळ लागे. "नळ बिघडला की गाव चढून वर येतं. चाळीस माणसं जेवतात."

काकीनं नाक ओढलं. "ते होते तोवर रोज कुणीतरी जायचं इथून. रस्ता झाला आणि..." तिनं हात हलवला. "निकासियोचं नाव घेतील हे नव्हतं ठाऊक मला, पोरी. इथं कोण येऊन सांगणार?"

अबुंदियो रागानं लाल झाले होते. तीन रविवार, चाळीस माणसांची मेहनत, तान्ह्या पोरांच्या घरांत पाणी नाही, असं ते बोलत राहिले. काकीनं एकदाही ते खोडलं नाही. चारला सभेत हे तुम्हालाच सांगावं लागेल, बाई म्हणाल्या. काकी शाल घेऊन आली. चार वर्षांत ती गावात उतरली नव्हती. निकासियोनं मोटारसायकल पायवाटेनं वर आणली, तिला मागे बसवलं आणि इंजिन बंद ठेवून, पाय घासत, हळूहळू उतरवलं.

सभेत तिनं सगळं उभं राहून सांगितलं. निकासियोवरचा आळ गेला. मग तोच उठला आणि म्हणाला की दोष त्याचाही आहे. पेटी आठवड्याला उघडायची असते, त्यानं दोन वर्षं उघडली नाही. इलारियो म्हणाला, म्हातारीला दंड करून काय उपटणार, तिच्याकडे आहे काय. शेवटी ठरलं ते असं: काकीनं झडपेला हात लावायचा नाही, आणि दर रविवारी गावातल्या एकानं सोंडेवर चढून पेटी उघडून बघायची.

अबुंदियोंनी वही उघडली. पुढच्या रविवारी कोण जाणार?

कुणाची पेरणीची तयारी होती, कुणाकडे बारसं, कुणाला बाजार. लोक जमिनीकडे बघत होते. काकी खिडकीबाहेर बघत होती, जणू हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

मागच्या बाकावरून मास्तर उठले. बूट अजून चिकट होते.

"मी या गावचा नाही," ते म्हणाले. "पण रविवारी मला काही काम नसतं."

बाहेरच्या माणसाचं नाव श्रमदानाच्या वहीत घालता येत नाही, अबुंदियो म्हणाले. असं कधी झालेलं नाही. त्यांनी सभेकडे पाहिलं. सभेत कुणीच मान वर केली नाही.

अबुंदियोंनी पेन्सिल जिभेला लावली.

"क्रिसोफोरो," ते म्हणाले. "पुढे आडनाव काय?"