ऐनवेळचा विषय

"लिहा," संघप्रिया म्हणाली, आणि खुर्चीतल्या तरुणाने मुकाट्याने कागद पुढे ओढला.

मार्चमधली रणरणती दुपार होती. राजारामपुरीतल्या त्या प्रवास कचेरीत एकच पंखा होता आणि तो नेमका त्याच्या डोक्यावर फिरत होता. जयसिंगपूरच्या शाळेत शिकवून थेट आलेल्या संघप्रियाच्या हातात भडंगाची पुडी होती, कपाळावर घाम होता आणि मुद्रा परीक्षेच्या वर्गावर असावी तशी होती.

"कोल्हापूरहून सहा माणसं. भोपाळला माझी ताई चढेल, म्हणजे सात. खालचे बर्थ तीन हवेत. आक्का वर चढणार नाहीत, आईला चढवणार नाही. बाबा चढतील, पण उतरायचे नाहीत."

"बाबांना खाली," त्याने लिहिले. "आणि जायचं कुठं?"

"उत्तरेकडं. एखाद्या तळ्याकाठी. नैनिताल नको, तिथं म्हणे पाण्यापेक्षा माणसं जास्त."

"मग नौकुचियातालला जा. नऊ कोपऱ्यांचं तळं आहे. एका जागी उभं राहून नऊच्या नऊ कोपरे कधीच दिसत नाहीत. आठ मोजून होतात, नववा डोंगराआड जातो."

"बघितलंय, का गिऱ्हाईक दिसलं म्हणून ठोकून देताय?"

"दोन वर्षं रोज बघतोय."

तेवढ्यात दारातून चहाचे दोन पेले घेऊन एक गृहस्थ आत आला आणि जागीच थबकला. "अरं प्रसेनजीत! माझ्याच खुर्चीत बसून माझाच धंदा करायलास व्हय?"

कचेरीचा खरा मालक राजवीर, तो हा. खुर्चीतला तरुण त्याचा बालमित्र निघाला. मित्राला भेटायला आलेला आणि केवळ पंख्याच्या मोहाने त्या खुर्चीत बसलेला! संघप्रिया संतापली… निदान संतापायचे तिने ठरवले.

"मग आधीच सांगायचं नाही?"

"तुम्ही 'लिहा' म्हणालात," तो उठत म्हणाला. "ते ऐकून न लिहिण्याची हिंमत कुणाची आहे, ओ?"

त्याने कागद तिच्या हाती दिला. अक्षर सुरेख होते. सहा नावांपुढे सहा अटी व्यवस्थित लिहिल्या होत्या. सर्वांत खाली मात्र एक ओळ होती— 'संघप्रिया: स्वतःसाठी काहीच मागितलं नाही.'

तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. भडंगाची पुडी टेबलावरच राहिली, हे तिच्या ध्यानात बस सुटल्यावर आले.

*

संघप्रियाच्या घरी सुट्टीचा बेत कुणाच्या लहरीवर ठरत नसे. तिच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर 'आक्का' म्हणे, गारगोटीला मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन त्या भावाकडे राहायला आल्या आणि येताना शाळेची शिस्तही घेऊन आल्या. ज्या घटनेने आपल्याला मत दिले, तिचा मान घरातही राखला गेला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुटुंबाची सभा भरे. अध्यक्षस्थानी आक्का. प्रत्येक ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा, आणि सारे इतिवृत्त निळ्या बांधणीच्या वहीत उतरले पाहिजे. फ्रीज ठरावाने आला होता. संग्रामदादाच्या मिशादेखील ठरावानेच गेल्या होत्या.

आक्कांचा दुसरा नेम होता कळंबा तलावावर सकाळचा फेरफटका. सोबतीला संघप्रिया असे. कचेरीतल्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी दोघी तलावावर पोहोचल्या, तेव्हा काठावर एक तरुण विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बाटलीत पाणी भरून घेत होता.

"इथंही दुसऱ्याचं काम करताय?" संघप्रियाच्या तोंडून गेले.

प्रसेनजीत वळला, आक्कांना पाहताच पाण्यातून बाहेर आला. "जय भीम, आक्का."

"जय भीम. कोण रे तू? कुणाचा?"

त्याचे वडील गारगोटीला आक्कांच्याच शाळेत शिकलेले निघाले. तो स्वतः हिमालयाच्या पायथ्याशी एका संस्थेत तळ्यांच्या पाण्याचा आणि थंड पाण्यातल्या माशांचा अभ्यास करीत होता. नोकरी कायमची होती. महिनाभराच्या रजेवर घरी आला होता, तरी पाणी दिसले की त्याला राहवत नसे.

"वडील पाढ्यांत कच्चे होते तुझे," आक्का म्हणाल्या.

"अजून आहेत, आक्का."

आक्कांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यानंतर रोज सकाळी तलावावर तीन माणसे दिसू लागली. आक्का दगडी बाकावर बसत, आणि नौकुचियातालची माहिती विचारण्याचे काम संघप्रियाकडे असे. तिला माहिती फारच लागू लागली! तिथे पहाटे धुके कसे उतरते… होडीवाले कोणती गाणी म्हणतात… थंडीत एकट्या माणसाला करमते कसे…

"करमत नाही," तो एकदा म्हणाला.

त्यावर तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

एका सकाळी अचानक वळीव कोसळला. टपोऱ्या थेंबांमागून गारा आल्या. चहाच्या टपरीत आक्कांना बाकडे मिळाले. या दोघांना मात्र बाहेरच, पत्र्याच्या वळचणीखाली उभे राहावे लागले. खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघेही जपत होते, आणि जपताना दोघांचीही एकेक बाही भिजत होती. त्याने एक गार उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

"परवा मंगळवारी निघतोय," तो म्हणाला. "रजा संपली."

गार वितळली, तरी मूठ मिटलेलीच होती.

"मग मेमध्ये भेटूच की. आमच्या घरी तळ्याचं ठरलं, तर."

"आणि मेनंतर?"

"मेनंतर आमच्या वहीतला एक ठराव आहे." तिचा आवाज बारीक झाला. "नऊ वर्षांपूर्वी प्रीतीताई लग्न होऊन भोपाळला गेली. आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा आक्कांनी ठराव मांडला… यापुढे घरातली मुलगी कोल्हापूर जिल्ह्याबाहेर द्यायची नाही. एकमतानं मंजूर."

"सूचक आक्का. अनुमोदक कोण?"

"…मी. सतरा वर्षांची होते. रडून डोळे सुजले होते, तरी हात उंच केला."

तो हसला नाही, यासाठी ती त्याला पुढे जन्मभर गुण देणार होती.

"मोडता येतो तो ठराव?"

"अनुमोदकानं सभेत उभं राहून अनुमोदन मागं घ्यायचं. कारण सांगून. आजवर कुणी घेतलेलं नाही." तिने पावसाकडे पाहिले. "सगळ्यांसमोर कारण सांगायचं म्हणजे… तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय. म्हणून तर मी काही विचारत नाही."

"विचारायला काय झालं?"

"संघप्रिया—"

"ए पोरांनो!" टपरीतून आक्कांची हाक आली. "चहा गार व्हायलाय!"

*

त्याच रविवारी दुपारी सभा भरली. तळ्याची माहिती देण्यासाठी प्रसेनजीतला 'निमंत्रित' म्हणून बोलावण्यात आले होते. निमंत्रिताला चहा मिळेल, मताचा अधिकार मिळणार नाही, हे आक्कांनी दारातच सांगून टाकले.

संघप्रियाचे वडील भाऊसो यांची एकच शंका होती. "तिकडं रस्सा मिळतो काय, पावणं?"

"मिळतो की, काका. पण त्यात तोंड दिसतं."

"मग कांदा-लसूण चटणी दोन किलो," आई सरुबाई तत्काळ म्हणाल्या, आणि संग्रामने ते लिहून घेतले.

वर्षाराणी वहिनींनी काश्मीरची बाजू जोरात मांडली. खरे तर आक्काही गेली चार वर्षे महाबळेश्वरापलीकडे जायला तयार नव्हत्या. आज मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि प्रसेनजीतला उभे केले.

"दवाखाना किती लांब?"

"पंधरा मिनिटं, आक्का."

"थंडीत रस्ता बंद पडतो?"

"नाही. बर्फ वरच्या अंगाला पडतो."

"शाळा आहेत? बाहेरून आलेल्या शिक्षकांना घेतात?"

वर्षाराणींनी हळूच विचारले, "आक्का, आपण मेमध्ये पाच दिवसच जाणार ना?"

"माहिती असलेली बरी," आक्का म्हणाल्या. "तळ्याच्या बाजूनं हात वर करा." आणि सर्वांआधी स्वतःचाच हात वर केला. तळे मंजूर झाले. तिकिटे उद्या सकाळी काढायची ठरले.

"विषय संपले," आक्कांनी पान उलटले. "ऐनवेळचा काही विषय?"

या प्रश्नाला आजवर उत्तर आले नव्हते. नेहमी यावर सारे उठून चहाकडे वळत. संग्राम उठलाही. पण संघप्रिया आधी उभी राहिली होती. पदराचे टोक तिने बोटाला इतके घट्ट गुंडाळले होते, की बोट पांढरे पडले.

"मला… नऊ वर्षांपूर्वीच्या ठरावाचं अनुमोदन मागं घ्यायचंय."

सरुबाईंच्या हातातली बशी अर्ध्यातच थांबली.

"कोणत्या ठरावाचं?" आक्कांना ठाऊक नव्हते, असे नाही.

"जिल्ह्याबाहेरच्या."

"कारण नोंदवावं लागेल."

संघप्रियाने एकदा आईकडे पाहिले, एकदा खिडकीकडे. मग सरळ समोर पाहिले.

"कारण… निमंत्रित म्हणून इथंच बसलंय."

संग्राम मटकन खाली बसला. भाऊसोंनी "आँ?" केले. प्रसेनजीत मात्र ताडकन उभा राहिला. "आक्का, मला मत नाही, पण बोलायची परवानगी—"

"खाली बैस! आधी सदस्यांचं होऊ दे." आक्कांनी टोपण लावून पेन निळ्या वहीवर ठेवले. त्या बोलू लागल्या, तेव्हा आवाजातली मुख्याध्यापिका थोडी मागे सरली होती. "तळं बघायला मी कशाला जाईन? माझा कळंबा काय वाईट आहे? दोन आठवडे बाकावर बसून या पोरीचं तोंड बघत होते, म्हणून तळ्याला हात वर केला. प्रीतीला आपण दिली, तेव्हा भोपाळ आपल्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. पोरगी कुठल्या दारात उभी राहते, कुठलं पाणी पिते, काही ठाऊक नाही. सरू, तू जेवली नाहीस ती अंतरामुळं न्हाय. डोळ्यांपुढं घर येत नव्हतं, म्हणून. चूक त्या गावाची नव्हती, आपली होती. आणि मी ठराव करून बसले."

सरुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"जुना ठराव रद्द. नवा लिही, संग्राम. घरातली मुलगी लांब द्यायला हरकत नाही. मात्र आधी सगळ्या घरानं जाऊन ते गाव, ते पाणी, ते घर डोळ्यांनी बघावं, आणि मगच शब्द द्यावा. सूचक मी. अनुमोदक?"

संघप्रियाने हात उचलला.

"तुझा नको. तुझा हात आता विश्वासाचा राहिला नाही."

हशा पिकला. तो ओसरला, तेव्हा सर्वांना दिसले, की सरुबाईंचा हात वर आहे.

"लिही माझं नाव," त्या संग्रामला म्हणाल्या. "आणि चटणी तीन किलो कर. दोन आपल्याला. एक तिथंच ठेवायची."

*

प्रसेनजीतला निरोप द्यायला संघप्रिया फाटकापर्यंत गेली. आक्कांनी खिडकी उघडी ठेवली होती. ती जागा बाकाइतकीच सोयीची होती.

"सभेत मला शेवटपर्यंत बोलू दिलं नाही," तो कुरकुरला.

"काय बोलणार होतात?"

"ते तळ्यावर सांगेन. नववा कोपरा जिथून दिसतो, तिथं."

"तो म्हणे कधी दिसत नाही."

"एकट्याला दिसत नाही. एकानं आठांपाशी थांबायचं, दुसऱ्यानं वळणावर जाऊन हाक मारायची." तो थांबला. "मी दोन वर्षं आठांपाशीच उभा आहे, संघप्रिया."

तिने पर्स उघडली. राजारामपुरीतला तो घडी केलेला कागद बाहेर काढून तिने त्याच्यापुढे धरला. शेवटच्या ओळीपुढे तिच्या ठसठशीत अक्षरात एक शब्द वाढला होता— 'खिडकी.'

"उद्या तिकिटं काढताना राजवीरना सांगा," ती म्हणाली. "वळण आलं, की मला आधी दिसलं पाहिजे."