हसू नका, पासपोर्टचा आहे

"सोडा."

"तुम्ही सोडा."

"मी आधी धरलंय."

"धरलंय तुम्ही, पण वाचत कुठे होता? नुसते बघत बसला होता!"

झालं! आमच्या मणिमला गावच्या वाचनशाळेत, सकाळी सकाळी, झाडून सगळ्या म्हाताऱ्यांसमोर पेपरच्या एकाच पानाची दोन टोकं दोघांच्या हातात, आणि त्यातलं एक टोक आमच्या एलीअम्मच्चीच्या! मी दारात तिची छत्री धरून उभी. वाटलं, आत्ता पान फाटणार आणि गावभर आमचं नाव होणार. जिन्सी, हसू नकोस गं, तू असतीस तर पळूनच गेली असतीस.

एलीअम्मच्ची म्हणजे एलियम्मा, माझ्या आजीची धाकटी बहीण. सत्तरीला आलीय. कुवेतला नर्स होती. नव्वद साली तिथे लढाई पेटली तेव्हा बसमध्ये बसून अख्खं वाळवंट ओलांडून घरी आली. नवरा लवकर गेला, मुलगी लिसी डब्लिनला गेली. मग ही काय घरी बसते? पाठीवर लाल सॅक अडकवते आणि निघते. हम्पी, लडाख, हनोई... आणि कुठेही असो, रोज सकाळी घरच्या ग्रुपवर तिचा आवाज येतो. प्रवास, आठवणी, पेपरातल्या बातम्या, सगळं एकत्र कालवलेलं.

"मुलांनो, आज पुन्हा लढाईचा नकाशा छापलाय. लाल बाण, काळे बाण. त्या बाणांखाली मी बसले होते रे. माझ्या शेजारच्या बाईनं भर वाळवंटात बस थांबवून पोराचे केस विंचरले. म्हणाली, पलीकडे उतरल्यावर आपल्याला कुणी भिकारी समजायला नको. लढाई म्हटलं की मला बाण नाही दिसत, तो कंगवा दिसतो. असो. आज नाश्त्याला पुट्टू केलाय. छान झालाय."

अशी! आता ही बाई पेपरचं पान सोडेल का?

आमच्या वाचनशाळेत पेपर आला की पानं सुटी करतात. ज्याच्या हाती जे पान लागेल ते त्यानं वाचायचं, मग शेजाऱ्याला द्यायचं. फक्त निधनाच्या पानाचं तसं नव्हतं. फोटोवाल्या निधनवार्तांचं ते पान रोज आधी वर्कीच्चनकडे, म्हणजे ह्या दुसरं टोक धरणाऱ्याकडे, जायचं. कुणी कधी हरकत घेत नसे. बाजारातला तो जुना फोटो स्टुडिओ आहे ना, तो ह्याचाच. आता बंद असतो. आमच्या गावातून जो जो आखातात गेला त्याचा पासपोर्टचा फोटो ह्यानं काढला. स्वतः मात्र जवळच्या चंगनाश्शेरीच्या पुढे गेला नाही. लग्नही नाही केलं. कुणी विचारलं की म्हणायचा, "करणार कुणाशी? सगळ्या मुली फोटो काढून गेल्या."

तर त्या दिवशी अम्मच्चीनं टोक ओढत विचारलं, "एवढं शोधता काय त्यात? स्वतःचं नाव?"

सगळे खो खो हसले. वर्कीच्चन नाही हसला. हळूच म्हणाला, "माझे फोटो."

"म्हणजे?"

"हा बघा. कोशी. मस्कतला निघाला तेव्हा काढलेला. ही साराम्मा... हिचा पण. म्हातारपणी कुणी धड फोटो काढत नाही. मग घरचे कपाटातून पासपोर्टचाच शोधून देतात."

अम्मच्चीनं टोक सोडलं. अगदी अलगद. आणि त्याच्या बाकावर बसली.

"माझाही तुम्हीच काढला होता."

"माहितेय." पान नाकाला लावूनच म्हणाला तो. "तीन फिल्मा फुकट घालवल्यात. सारख्या हसत होता."

"तुम्ही 'हसू नका, पासपोर्टचा आहे' असं दटावलंत, म्हणून तर हसू आलं!"

"शेवटी नाही हसलात."

"शेवटी तुम्ही बघत होता..."

आणि त्याच्या हातातलं पान आणखी वर! पोरींनो, मी छत्री धरून उभी, आणि बाहेर ऊन पडलेलं, आणि मला काहीच कळत नव्हतं की माझ्याच अंगावर काटा का आला.

मग रोजच सुरू झालं. तो आधी येऊन आपल्या पंच्यानं बाक पुसून ठेवायचा. ती यायची आणि बाक पुसलेला दिसलाच नाही अशा थाटात बसायची. तो तिला मधलं पान द्यायचा, ती त्याला त्याचं पान द्यायची. मग भांडण! पुराचं पाणी का चढलं ह्यावर भांडण. पोरं सगळी परदेशी चालली ह्यावर तर रोजच.

"अर्ध्या गावाला कुलुपं," तो म्हणायचा. "मोठमोठी घरं, आत फक्त पाली."

"ती कुलुपं तुम्हीच लावलीत! फोटो कुणी काढले सगळ्यांचे?"

"मी नसते काढले तर थांबली असती का?"

"कोण?"

"...सगळी."

दुपारच्या सरी सुरू झाल्या तसं त्यांचं उठणं लांबायला लागलं. पाऊस यायचा, शेजारच्या चहावाल्याकडून गरम पळंपोरी यायची, केळ्याची भजी हो, ती पेपरच्या तुकड्यावर दोघांत एक! पाऊस थांबायचा, तरी ही उठायची नाही. मी बाहेर स्कूटीवर हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, "मेघालयला निघालेय. चला माझ्याबरोबर."

त्याचा चहा घशात अडकला. "मी? ह्या वयात?"

"मग कुठल्या वयात?"

"लोक काय म्हणतील, एलियम्मा..."

"कुठले लोक? आपल्याला ओळखणारे निम्मे त्या पानावर जाऊन आले."

त्यानं पंच्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

मग ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "लिसी मागे लागलीय. घर विक, कायमची डब्लिनला ये म्हणते. मेघालयहून आले की तिला हो की नाही ते सांगणार आहे. तुम्हाला काही... म्हणायचंय का त्यावर?"

मी मनात ओरडत होते, म्हण रे बाबा! म्हण काहीतरी!

"तिकडे थंडी फार असते," वर्कीच्चन म्हणाला. "स्वेटर न्या."

स्वेटर!! अम्मच्ची उठली. "बरं," एवढंच म्हणाली. तिचं 'बरं' ऐकलंय का तुम्ही कधी? डॉक्टर लोक घाबरायचे म्हणे त्याला.

ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वर्कीच्चन आमच्या फाटकाशी! साधा फोन वापरतो तो, त्यात ग्रुपबिप काही नाही. खाकरून विचारतो, "आलं का?" मी ओसरीवर फोन मोठ्यानं लावायची. तो फणसाच्या झाडाकडे तोंड करून ऐकायचा. मुळांचे पूल, ढगात बुडालेला रस्ता, संत्री विकणारी म्हातारी... आणि मध्येच, "इथे आपल्यासारखीच पोरं बाहेर चाललीत. पण एक गंमत, इथल्या म्हाताऱ्याही फिरतात. फक्त काही लोक असतात, त्यांना बाकावरून उठवत नाही."

तो झाडाकडेच बघत राहिला. कान मात्र लाल!

रोज यायचा. मग परतीच्या लांबलचक प्रवासात तिच्या फोनची बॅटरी गेली आणि आवाज बंद झाला. "गाडीत आहे हो, येईल," मी म्हटलं. मान डोलावून गेला.

आणि ती यायची त्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी झाडलोट करत होते, तर फाटकातून वर्कीच्चन आत. कमरेला इस्त्रीचं पांढरं मुंडू, पांढरा शर्ट, हातात पांढऱ्या फुलांचं हे एवढं मोठं चक्र. डोळे सुजलेले.

"कधी आणताहेत?" त्यानं विचारलं.

"अम्मच्चीला? आणायला कशाला जायला हवं? ऑटोनं येईल ती."

"ऑटोनं!" तो पायरीवर मटकन बसला. "सारं जग फिरली... आणि शेवटी ऑटोनं..."

मला आधी वाटलं स्वागताला फुलं आणलीत. मग ते चक्र नीट बघितलं. शवपेटीवर ठेवतात तसलं होतं ते गं! त्यानं खिशातून पानाची घडी काढून पुढे केली. फोटो नव्हता. नुसत्या ओळी. 'तेक्केडत्त एलियम्मा, निवृत्त परिचारिका. अंत्यसंस्कार आज दुपारी चार वाजता.'

"फोटो नाही," तो म्हणाला. "कुठून असणार? तिचा चांगला फोटो माझ्याकडेच आहे."

तेक्केडत्त! अम्मच्चीच्या घराचं नावही तेच, पण आमच्या भागात प्रत्येक दुसऱ्या टेकडीवर एक तेक्केडत्त घर आहे, आणि प्रत्येक घरात एक एलियम्मा. मी खालची ओळ वाचली आणि किंचाळलेच.

"अहो, ही रान्नी गावची आहे! पुढची ओळ वाचलीत का? आमची उतरलीय चंगनाश्शेरीला, आत्ताच कुणाच्या तरी फोनवरून बोलली. चहात साखर कमी होती म्हणून तक्रार करत होती!"

त्यानं पान घेतलं. पुन्हा वाचलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता पंच्यात तोंड खुपसून रडायला लागला. आणि नेमकी तेव्हाच ऑटो फाटकात!

अम्मच्ची लाल सॅक घेऊन उतरली. तिला आधी मी दिसले, मग वर्कीच्चन, मग ते चक्र... तिचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

वर्कीच्चन उठून उभा राहिला. "तू," म्हणाला.

तू! पोरींनो, तू! इतके महिने अहो-जाहो, आणि आता माझ्यासमोर, ऑटोवाल्यासमोर, तू!

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. अम्मच्चीनं पान वाचलं, चक्र उचलून वजन बघितलं.

"शेवंती," म्हणाली. "जिवंतपणी एक फूल नाही दिलंत. मेल्यावर एवढी?"

तो पंच्यानं मान पुसायला लागला.

"आणि तिथे चार शब्दही बोलणार असालच. गावात कुणीही गेलं की तुम्हालाच बोलायला लावतात."

"तयार केले होते... वाटेत."

तिनं सॅक खाली ठेवली. ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसली, पदर नीट केला. "बोला मग. मी आलेय ऐकायला."

"एलियम्मा, थट्टा नको."

"थट्टा नाही. लिसीला आज उत्तर द्यायचंय."

ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. खरंच!

वर्कीच्चननं घसा साफ केला. सभेत उभा राहतो तसा उभा राहिला. "एलियम्मा... धाडसी बाई होती."

"होती?"

"आहे. भांडखोर आहे. बातमी वाचली की त्यातला कंगवा तेवढा हिलाच दिसतो. मी गावातल्या सगळ्यांचे फोटो काढले, फोटो घेऊन सगळे गेले, आणि मला कधी कुणाचं काही वाटलं नाही... म्हणजे एक सोडून. ती हसत होती. मी तिला म्हटलं, हसू नका. त्या दिवसापासून..." तो थांबला. "त्या दिवसापासून मला वाटतंय की मी चुकीचं काहीतरी बोललो."



"पुढे?" अम्मच्चीनं विचारलं. आवाज ठाम, पण बोटं पदराशी खेळत होती.

"पुढे... लोकांसमोर बोलता आलं नसतं."

"मग आत्ता बोल."

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "आणि गेलीस तर... मला घेऊन जा."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडणार. ती कसली रडते! म्हणाली, "बरं." पण हे 'बरं' वेगळं होतं गं... अगदी वेगळं.

मग एकदम उठली. "रीनु, काळी कॉफी टाक. चारला रान्नीला पोचायचंय."

"कशाला?" आम्ही दोघंही.

"ही फुलं कुणाची आहेत? तेक्केडत्त एलियम्माची. तिला पोचवायला नकोत?"

अशी त्यांची पहिली सहल! रान्नीच्या बसमध्ये खिडकीशी वर्कीच्चन, मांडीवर चक्र, शेजारी अम्मच्ची, मागे मी. रान्नीसुद्धा त्यानं कधी पाहिलं नव्हतं, विश्वास बसेल? पुलावर बस आली तशी तो डोकं बाहेर काढून नदी बघायला लागला, आणि अम्मच्चीनं त्याचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला. सोडलाच नाही, पूल संपला तरी.

तिथे तिनं फुलं ठेवली, वाकून त्या एलियम्माच्या कपाळाला हात लावला. घरच्यांनी विचारलं, तुम्ही कोण? "नावाची आहे मी तिच्या," म्हणाली. गेलेल्या बाईची बहीण हिच्या गळ्यात पडून रडली, आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतीच्या बसमधूनच ग्रुपवर आवाज आला. "मुलांनो, आज पेपरात माझी निधनवार्ता आली होती. बातमी खोटी निघाली, पण उपयोगी पडली. लिसी, तुझं उत्तर ऐक. राहायला येत नाही. फिरायला येतेय. दोघांचं अंथरूण घाल."

लिसीचेचीचे, म्हणजे लिसीताईचे, एकवीस फोन आले. सगळे मी घेतले!

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात. वर्कीच्चनच्या पासपोर्टची तयारी, आणि अम्मच्ची त्याला ओढत त्याच्याच स्टुडिओत घेऊन गेली. शटर कुरकुरत वर गेलं. धूळ, निळा पडदा, आणि ते लाकडी स्टूल. ज्यावर सगळं गाव बसलं, पण हा कधी बसला नाही.

"अगं, आता फोटो तिकडे ऑफिसातच काढतात," तो म्हणाला.

"तो सरकारचा. हा माझा. बस."

बसला. केस पाण्यानं चापून बसवलेले, हात गुडघ्यांवर, चेहरा दगड. अम्मच्ची त्याच्या जुन्या कॅमेऱ्यामागे वाकली. एक डोळा मिटला.

"हनुवटी खाली. इकडे बघ. आणि वर्कीच्चा..."

"काय?"

"हसू नकोस. पासपोर्टचा आहे."

आणि तो हसला! असा हसला की स्टूल हललं. खटकन बटण दाबलं तिनं.

"फुकट गेला," तो डोळे पुसत म्हणाला. "पुन्हा काढ."

"मुळीच नाही," अम्मच्ची म्हणाली. "हाच हवा होता."