पिवळी चौकट

नव्या मशीनचं बटण दाबलं आणि बाटल्या उचलणारा लोखंडी हात पहिल्याच फेरीत मोटरच्या झाकणावर आदळला. झाकणाचा चुरा झाला.

मुख्य कचेरीने तपासाला बाई पाठवली. लोक तिला पाठीमागे ‘सुई’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. डिझाइन विभागात पाऊल टाकताच तिने नाक मुरडलं. टेबलं चकचकीत, माणसं चिडीचूप.

“चोर सापडलाय,” साहेब म्हणाले. “ही पोरगी. फाइल शेवटी हिनेच सेव्ह केली. संध्याकाळी हिला घरी बसवतो.”

सुई मुलीकडे वळली. “काय केलंस?”

“मशीनवर नावपट्टी बसवली, बाई.”

“आणखी?”

“एक पिवळी चौकट उघडी दिसत होती. साहेब ओरडतील म्हणून बाकीच्यांच्या लेयरमध्ये टाकून झाकली.”

या चौकटी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मशीनचे काल्पनिक आधार. भाग त्यांच्यापासून मोजून बसवायचे. शेकडो चौकटी दिसल्या तर मशीनच दिसत नाही, म्हणून त्या एका लेयरमध्ये, म्हणजे चित्राच्या एका थरात, घालून तो थर बंद ठेवतात. बोल्टांचंही तेच. डोळ्यांआड होतात, पण आधार सुटत नाही.

“स्क्रीन आरशासारखी हवी, हा माझा नियम,” साहेब छाती फुगवून म्हणाले.

“आरशात तोंड बघतात, साहेब. मशीन नाही.”

स्क्रीनवर हात झाकणाच्या चांगला चार बोटं वर होता. टक्कर कुठेच नव्हती.

“झाकण कुणाचं?”

“माझं,” खुर्चीत रेललेला साहेबांचा मेहुणा म्हणाला.

“आणि हात?”

“तो जुनाच. मशीनच्या खांबाच्या चौकटीवर टांगलेला. खरा खांब तर कारखान्यात कधीच बोल्टांची भोकं पाडून तयार आहे. मी तो लेयर उघडतसुद्धा नाही.”

“बरं. झाकण फार उंच वाटतंय. अर्धं कर बघू.”

“नको हो, मग हातही खाली येईल.”

सुई हसली. ते हसू बघून साहेबांनी रुमाल काढला.

“का येईल? हात खांबावर आहे ना? झाकणाशी त्याचं नातं काय?”

मेहुणा सरळ बसला.

सुईने स्वतःच झाकण अर्धं केलं. हात निमूटपणे खाली उतरला. मग तिने झाकण पुन्हा होतं तेवढं केलं आणि बोल्टांचा लेयर उघडला. बोल्ट खांबाच्या जुन्या भोकांत होते. हात त्यांच्या बराच वर, अधांतरी होता.

“याचं झाकण उंच झालं, हाताला लागायला लागलं. झाकण नव्याने आखायचं जिवावर आलं. मग या शहाण्याने झाकणाच्या माथ्यावरून नवी चौकट काढली आणि हात तिच्यावर टांगला. स्क्रीनवर हात उचलला गेला, टक्कर मिटली. खरा खांब मात्र होता तसाच राहिला. घाईत चौकट लेयरमध्ये टाकायलाही विसरला. लबाडी करायची, तीही अर्धवट! उघडी राहिलेली चौकट या मुलीने झाकली आणि तीच चोर ठरली.”

“भावजी...” मेहुणा पुटपुटला. “ताईला काय सांगू?”

“खरं सांग,” सुई म्हणाली. “सवय नाही, जरा जड जाईल.”

साहेबांनी घाम पुसला. “जा गं, लाग कामाला.”

मुलगी हलली नाही. “सगळ्यांसमोर चोर म्हणालात, साहेब. आता सगळ्यांसमोरच बोला.”

सुईने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

“बोला. मला घाई नाही.”