सवतीच्या वहीतलं गाव

शपथा घ्यायची मला सवय नाही. पण हे देवघरासमोर बसून लिहितेय. खोटं कसं लिहीन?

गाव सुरगाणा. नाशिक जिल्ह्यातलं, गुजरातच्या अंगाला, डोंगरातलं तालुक्याचं ठिकाण. दिवस मागच्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार... दिवेलागणीची वेळ.

मी जयरामसरांची दुसरी बायको. माहेर नाशिक रोडचं. पहिल्या प्रतिभाताई इथल्याच शाळेत शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी तापानं गेल्या.

आमच्यात दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीचा चांदीचा टाक देवघरात पुजायचा असतो. रोज कुंकू आधी तिला, मग स्वतःला. लग्नापासून हा नेम मी एकदाही चुकवला नव्हता.

पण ताईंची एक वही होती.

सुरगाण्याचा इतिहास आणि भूगोल. घरोघरी जाऊन, म्हाताऱ्यांना विचारून, शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेली. अर्धीच राहिलेली.

हे रोज संध्याकाळी ती वाचायचे. एकेक ओढा, एकेक टेकडी. वाचता वाचता हसायचे.

माझ्याकडे बघून कधी तसं हसले नाहीत.

एकदा मी म्हटलं, "मलाही दाखवा की."

"तुला काय कळणार त्यातलं? तू रोडची!"



त्या गुरुवारी सकाळी मी कुंकू आधी स्वतःला लावलं. मग निर्माल्याच्या पिशवीत ती वही घातली... आणि नदीत सोडून आले.

एक पानही न वाचता.

संध्याकाळी शेजारच्या झुंबरमावशी सुनेला घेऊन हळदीकुंकवाला आल्या. सून तेजल, नवी नवरी, नाशिकचीच.

"वहिनी, इथे भात, नागली आणि जीप सोडून आहे तरी काय हो?"

'मला काय माहीत बाई,' असं म्हणणार होते मी.

तेवढ्यात देवघराकडून आवाज आला.

सर्र...

पान उलटल्याचा.

आणि मी बोलायला लागले.

संस्थानच्या काळात दवंडी कुठून निघायची. पावसाळ्यात ओढा कुठे वळतो, आणि कुणाच्या आजोबांनी तो वळवला. झुंबरमावशींच्या घराखाली पूर्वी गुरांचा पाणवठा होता, म्हणून त्यांची मागची भिंत अजून ओल धरते...

तोंड माझं. आवाज माझा.

शब्द माझे नव्हते.

मावशींच्या हातातलं केळं हातातच राहिलं.

"तुला कोनी सांगलं गं हे? पानवठ्याचं माझ्या सासूनं फकस्त प्रतिभाबाईला सांगलं व्हतं. चुलीपाशी बसून. आता सासू बी नाय."

"वहिनी एकदम गाईड!" तेजल हसली.

दुसरं कुणी हसलं नाही.

दारात हे उभे होते. कधी आले, कळलंच नाही. डोळे भरलेले.

"अजून सांग," म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. आनंद झाला.

मग रोज संध्याकाळी मी सांगायची, हे नव्या कोऱ्या वहीत लिहायचे. जुनी कुठे गेली, एका शब्दानं विचारलं नाही.

आठव्या दिवशी त्यांचं पेन थांबलं.

"तिनं इथपर्यंतच लिहिलं होतं. मग ताप चढला."

पण माझं तोंड थांबलं नव्हतं...

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पान उलटलं. आणि पुढचं लिहायला घेतलं.

आता कुंकू पुन्हा आधी ताईंना लावते. नाक घासून क्षमा मागते. दिवेलागणीपासून मौन धरते.

तरीही हे वही उघडून समोर बसतात.

काल तासभर बसले. शेवटी हळूच म्हणाले, "दमलीस का गं?"

इतकं मायेनं... लग्नाला दीड वर्ष होईल, या स्वरात मला कधी काही विचारलं नव्हतं.

कालही मला विचारलं नव्हतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

आत जीभ हलत होती...